थेट नोंदीत खाडाखोडीची जागा

माहिती माणसाने टाइप करून संगणकात भरायची की यंत्राने ती जागच्या जागी थेट उचलायची, या वादाला पुन्हा जोर आला आहे. बारकोड, ओएमआर (कागदावरच्या खुणा वाचणारे यंत्र), बोटाचा ठसा, आवाज, सेन्सर, साधन कुठलेही असो, वादाचा साचा ठरलेला. एक बाजू म्हणते, मधला माणूस काढा, चुका संपतील. दुसरी म्हणते, सगळे यंत्राच्या हाती दिले की माणसाला कुणी विचारणार नाही, त्यापेक्षा कागद बरा. मग दोन्हीकडून चुकांचे टक्के एकमेकांवर फेकले जातात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. चुका दोन्हीकडे होतात आणि होत राहणार. माझे म्हणणे असे की थेट नोंद जरूर घ्यावी, पण साधन निवडताना आधी हे पाहावे, की झालेली चूक कोणाच्या नजरेला पडते आणि ती खोडायचा अधिकार कोणाकडे आहे. ज्या व्यवस्थेत खाडाखोडीला जागाच ठेवलेली नाही, ती कितीही अचूक म्हणून मिरवली जात असली तरी मला ती धोक्याची वाटते.

थेट नोंद आली कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची मोजदाद सात-आठ वर्षे रेंगाळली, तेव्हा हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रांची कार्डे वाचणारे यंत्र दिले. सहा कोटींहून अधिक माणसांची मोजणी यंत्राने झाली, पण कार्डाला छिद्रे पाडायचे काम माणसांनीच हाताने केले. पुढची कित्येक दशके हेच चालले: यंत्र वाऱ्यासारखे मोजणार आणि त्याच्या तोंडाशी माणसांच्या रांगा बसून त्याला घास भरवणार. या रांगा कशा कमी करायच्या, याच प्रश्नातून एकेक साधन निघाले. मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तरांच्या कल्पनेवरून आयबीएमने १९३० च्या दशकात उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र काढले. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवर ते चालायचे. जितक्या खुणा बरोबर, तितका प्रवाह जास्त, आणि गुण मीटरवरच्या काट्यावरून वाचायचे. १९५० च्या दशकात बँकांच्या चेकवर चुंबकीय शाईचे आकडे आले. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत या साधनांपुढे एक ठरलेले वाक्य असते: जलद, अचूक, मानवी चुकीला वाव नाही. पहिल्या दोन शब्दांशी माझे भांडण नाही.

कारण मधला माणूस काढा म्हणणाऱ्यांची बाजू खरोखर भक्कम आहे आणि ती नीट मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रुग्णालयाचेच उदाहरण घ्या. नर्सने औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड आणि औषधावरचा बारकोड स्कॅन करायचा, दोन्ही जुळले तरच पुढे जायचे. बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध देताना होणाऱ्या चुकांचे प्रमाण, वेळेच्या चुका सोडून, बारकोड नसलेल्या ठिकाणी ११.५ टक्के होते आणि बारकोड असलेल्या ठिकाणी ६.८ टक्के. हा फरक म्हणजे खाटेवर पडलेली माणसे आहेत. इथे कागदाची बाजू घेऊन कोण उभे राहील?

दुसरा मुद्दा मला जास्त लागतो, कारण तो माझ्या अनुभवाचा आहे. थेट नोंदीला विरोध करणारे म्हणतात की टाइप करणारा माणूस हा माहितीचा पहिला वाचक असतो, काही विचित्र दिसले की तो थबकतो. मी स्वतः काही वर्षे डेटा एन्ट्रीच्या खुर्चीवर काढली आहेत. फॉर्मवर फूटपट्टी ठेवायची, एकेक ओळ खाली सरकवायची, उजवा हात नमपॅडवर, मधले बोट पाचाच्या बटणावरच्या उंचवट्यावर. सकाळच्या पहिल्या शंभर फॉर्मांत मी खरोखर वाचत असे. जन्मतारखेच्या जागी फोन नंबर दिसला की थांबायचो, शेजारच्या ताईंना दाखवायचो. दुपारनंतर मात्र डोळ्यांतून आलेला आकडा डोक्यात न शिरता थेट बोटांत उतरायचा. वयाच्या रकान्यात २१५ लिहिलेले असले तर मी २१५ टाइप केले असते, आणि केलेही असेल. म्हणून टाइप करणाऱ्याचे फार गोडवे कुणी गाऊ नयेत. ते काम कंटाळवाणे होते, मनगट दुखवणारे होते, आणि ते यंत्राने घेतले याचे मला दुःख नाही.

पण त्या कामाभोवती जी व्यवस्था होती, तिच्याकडे आज कुणी पाहत नाही. पंच कार्डांच्या काळात एकीने कार्ड पंच केले की ते व्हेरिफायर नावाच्या यंत्रावर बसलेल्या दुसरीच्या हाती जायचे. ती मूळ कागद पाहून तोच मजकूर पुन्हा दाबायची. यंत्र नवे छिद्र पाडत नसे, नुसते ताडून पाही. सगळे जुळले तर कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच पडायची. जुळले नाही तर ज्या रकान्यात फरक, बरोबर त्याच्या डोक्यावर खाच. गठ्ठा हातात घेऊन कड पाहिली की कुठले कार्ड संशयाचे आहे ते अंगठ्याला कळायचे. माणूस चुकणार हे गृहीत धरून, चूक दिसेल कशी आणि दुरुस्त होईल कशी, याची सोय कामातच विणलेली होती. लुका पाचोलीने १४९४ साली जी द्विनोंदी हिशेबपद्धत छापून जगापुढे ठेवली, तिचे मर्म वेगळे काय होते? तीच रक्कम दोन वाटांनी यायला हवी, नाही जुळली तर कुठेतरी गडबड आहे. थेट नोंदीने दोन वाटांची एक वाट केली. श्रम वाचले हे खरेच, पण ताडून पाहायला जे दुसरे होते तेही त्यासोबत गेले.

आता कुणी म्हणेल, चेक डिजिट आहे की! आहे, आणि ती फार सुंदर कल्पना आहे. बारकोडखालचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. आकडे आलटूनपालटून तीनाने आणि एकाने गुणायचे, बेरीज करायची, आणि शेवटच्या आकड्यासह ती दहाच्या पटीत आली पाहिजे. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर हे गणित तो हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर मात्र नेहमी पकडत नाही. २ आणि ७ घ्या. दोनाला तीनाने गुणून सात मिळवले तर १३, उलट केले तर २३. शेवटचा आकडा तोच, म्हणून अदलाबदल निसटली. ज्या दोन आकड्यांत पाचाचा फरक आहे, त्या सगळ्यांचे असेच होते. स्कॅनर सहसा अशी अदलाबदल करत नाही, ती हाताने टाइप करणाऱ्याची खोड, त्यामुळे बारकोडपुरते हे गणित पुरते. पण माझा मुद्दा गणिताच्या पलीकडचा आहे. चेक डिजिट एवढेच सांगतो की छापलेला आकडा नीट वाचला गेला. ते लेबल योग्य वस्तूवर चिकटवले आहे की नाही, हे त्याला कसे कळणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

टायपिंगच्या चुका विखुरलेल्या असतात. इथे एक शून्य जास्त, तिथे एक अक्षर कमी. त्या ओबडधोबड असतात म्हणून बऱ्याचदा डोळ्याला खुपतात. थेट नोंदीच्या चुका एकजात असतात, आणि दिसायला अगदी नीटनेटक्या. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या हाती बांधकामाच्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत आली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ होते. अक्षर कुठे फुटलेले नाही, डाग नाही, आकडे छापल्यासारखे स्वच्छ. झेरॉक्सच्या त्या यंत्रातली फाइल लहान करण्याची पद्धत एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होती. सहाचा आठ होत होता. ज्या कंपनीचे नाव आपल्या भाषेत हुबेहूब प्रतीला समानार्थी झाले, तिच्या यंत्रात हे घडले. ते सापडले कसे? मोठी खोली आणि शेजारची लहान खोली यांचे क्षेत्रफळ एकच कसे, असे नकाशाकडे पाहणाऱ्याला वाटले म्हणून. आणि ताडून पाहायला मूळ कागद शिल्लक होता म्हणून.

सेन्सरचे तर याहून अवघड. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे ऑक्सिमीटर घ्या. मधे टायपिंग नाही, फॉर्म नाही, शरीरातून थेट आकडा. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यंत्राचे आकडे आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी एकमेकांशी ताडून पाहिली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली, असे गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत ३.६ टक्के वेळा आढळले आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत ११.७ टक्के वेळा. त्वचेतून जाणारा प्रकाश मोजून चालणारे हे यंत्र गडद त्वचेच्या बाबतीत जास्त वेळा फसत होते, आणि फसताना दिलासा देणाऱ्या बाजूने फसत होते. एखाद्या बेफिकीर माणसाच्या हातून ही चूक झाली असती तर ती कधी याच्या तर कधी त्याच्या वाट्याला गेली असती. यंत्राची चूक एकाच गटाच्या माणसांवर पुन्हा पुन्हा पडत राहिली. सरासरी अचूकतेचा आकडा दाखवून ही गोष्ट झाकली जाते, म्हणून त्या आकड्यावर चाललेला वाद मला वांझोटा वाटतो.

मग कागदाकडे परतायचे का? कागदवाल्यांना मी फ्लोरिडाची आठवण करून देईन. २००० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे अनेक ठिकाणी मतपत्रिका छिद्रांच्या होत्या. मतदाराने टोचून पाडायचा कागदाचा तुकडा काही पत्रिकांना लोंबकळत राहिला, काहींवर नुसता खळगा पडला. ५३७ मतांनी राज्याचा निकाल ठरला, आणि मोजणारे डोळे बारीक करून कार्डे उजेडाकडे धरून बसले होते. कागद होता म्हणून शहाणपण आले असे काही झाले नाही. त्या गोंधळाला कंटाळून स्क्रीनवर बोट ठेवून थेट मत नोंदवणारी यंत्रे आणली गेली. २००६ मध्ये सॅरासोटा काउंटीत अशा यंत्रांवर संसदेच्या एका जागेसाठी सुमारे १८,००० मतपत्रिकांत त्या जागेपुरते मतच नोंदले गेले नव्हते, आणि जागेचा निकाल ३६९ मतांनी लागला. लोकांनी मुद्दाम मत दिले नाही, स्क्रीनच्या मांडणीत ते नाव नजरेतून सुटले, की यंत्रात काही बिघडले? उजेडाकडे धरून पाहायला या वेळी काहीच नव्हते. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून कागदाची मतपत्रिका परत आणली. पण ती आता मतदाराने खूण करायची, ऑप्टिकल स्कॅनरने मोजायची आणि जपून ठेवायची. हे मला या साऱ्या वादातले सर्वांत समजूतदार उत्तर वाटते. मोजणी यंत्राच्या वेगाने होते आणि शंका आली तर माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

चेकवरच्या त्या चुंबकीय आकड्यांकडे जरा निरखून पाहा. काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी बारीक, बेढब वाटणारे. ते तसे आहेत, कारण प्रत्येक आकड्यातून यंत्राला वेगळा चुंबकीय संकेत मिळावा लागतो. वर शिक्का पडला, सही ओढली गेली तरी यंत्र वाचते. आणि तरीही तो चार माणसाला चार दिसतो, सात सात दिसतो. बारकोडच्या रेघांखालीही आकडे छापलेले असतात. स्कॅनरला त्यांची गरज नसते. ते स्कॅनर हरला तर माणसाने हाताने भरावेत म्हणून आहेत. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये आला. तो कितीतरी जास्त माहिती पोटात घेतो आणि सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. तांत्रिकदृष्ट्या मोठीच झेप. पण त्याच्यावर कुणी दुसरा कोड चिकटवला तर तुमच्या-माझ्या डोळ्याला काय कळणार? एक ठिपक्यांचा चौकोन जाऊन दुसरा आला, एवढेच. म्हणून क्यूआरखालीही साध्या अक्षरांत एक ओळ छापणे सक्तीचे असावे, असे मला मनापासून वाटते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. माणसाला दुरुस्तीचा अधिकार दिला की तो लबाडी करणार, थेट नोंद तर लबाडी रोखायलाच आणली होती. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. हाजिरीत, वजनकाट्यावर, मीटरवर आकडे फिरवणारी माणसे असतातच. पण हिशेबनीसांनी हा प्रश्न शतकांपूर्वी सोडवला आहे. चांगल्या वहीत चुकलेली नोंद खरडून काढत नाहीत. ती दिसेल अशी राहू देतात आणि खाली उलट नोंद करतात, तारीख आणि सहीसह. दुरुस्ती झाली, कोणी केली, का केली, हे सगळे वहीतच. संगणकात हे करणे वहीपेक्षा सोपे आहे. तरी ते केले जात नाही, कारण विकणाऱ्याला ‘यात हस्तक्षेप करताच येत नाही’ असे सांगायचे असते आणि घेणाऱ्याला ते ऐकायला आवडते.

आणि दुरुस्तीची वाट बंद केली की माणसे आडवाटा शोधतात. वर सांगितलेल्या बारकोड-औषध पद्धतीचाच आणखी एक अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेत झाला. त्यात नर्सेस व्यवस्थेला कशी बगल देतात याचे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणे नोंदवली गेली. रुग्णांच्या मनगटपट्टीच्या जादा प्रती काढून त्या दुसरीकडेच चिकटवायच्या आणि तिथून स्कॅन करायच्या, हा त्यातला एक प्रकार. आळस म्हणून? कारणांची यादी वाचली की राग नर्सवर राहत नाही. चुरगळलेले, ओले झालेले बारकोड, संपलेल्या बॅटऱ्या, खाटेपर्यंत न पोहोचणारी यंत्रे, लेबलच नसलेली औषधे. स्कॅनर नाही म्हणतो, समोर रुग्ण कळवळतोय, आणि ‘हे लेबल खराब आहे, मी डोळ्यांनी तपासून औषध दिले’ असे नोंदवायला धड सोय नाही. मग संगणकात नोंद पडते ती निर्दोष स्कॅनची. २०१० चा अभ्यास आणि हा अभ्यास, दोन्ही खरे आहेत. पहिला दाखवणाऱ्याने दुसरा लपवू नये, आणि दुसरा दाखवणाऱ्यानेही पहिला लपवू नये.

दुरुस्तीचा अधिकार हिरावल्यावर गोष्टी कुठवर जातात, ते ब्रिटनच्या टपाल खात्यात दिसले. होरायझन नावाची ती हिशेबप्रणाली निव्वळ थेट नोंदीची नव्हती, तिथे बटणेही दाबली जात. पण तिच्यात निघालेली तूट ही कार्यालय चालवणाऱ्या माणसाचीच, हे आधीच ठरलेले होते. माझा हिशेब बरोबर आहे, यंत्रात काहीतरी चुकते आहे, असे सांगणाऱ्यांकडे ते सिद्ध करायला काही नव्हते, कारण आतल्या नोंदी त्यांच्या हाती नव्हत्या. त्यातच तिथल्या कायद्यातली, संगणक नीट चालत होता हे आधी दाखवण्याची अट २००० पासून गेली होती. संगणक बरोबरच असणार हे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि उलटे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचे संसार मोडले. त्या शिक्षा पुसायला २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

याच्या शेजारी मला अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट ठेवावीशी वाटते. निम्बस-७ उपग्रहावरचे उपकरण १९७० च्या दशकाअखेरपासून ओझोन मोजत होते. आकडा १८० डॉबसन एककांच्या (ओझोन मोजायचे एकक) खाली गेला की तो संशयास्पद म्हणून बाजूला काढायचा, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये होता. इतका कमी ओझोन कुणी पाहिलाच नव्हता, तेव्हा नियम वेडगळ म्हणता येणार नाही. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली इथल्या तळावर जमिनीवरून, जुन्या घडणीच्या डॉबसन उपकरणाने घेतलेल्या मोजमापांवरून ओझोन घटल्याचे जाहीर केले. म्हणजे दुसरी वाट शिल्लक होती. आणि उपग्रहाचे संशयास्पद आकडेही फेकलेले नव्हते, नुसती खूण करून ठेवलेले होते. ते पुन्हा तपासले तेव्हा त्यांत तेच विवर दिसले, खंडाएवढे पसरलेले.